गृहभेटींचा क्रम आणि उपग्रह-दिशादर्शक



स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा एखाद्या व्याधीवर लिहावे, असा माझा प्रथम विचार होता. परंतु मधुमेह, रक्तदाब व सांधेदुखी यांवर माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी या पानांतून वेळोवेळी लिहिले आहे. म्हणून ज्या विषयाने गेली काही वर्षे मला दर गुरुवारी गुंतवून ठेवले, तोच विषय मांडतो. विषय वैद्यकाचा नाही, पण वैद्यकापासून दूरही नाही. एका सकाळी आठ घरी जायचे असेल, तर कोणत्या घरी आधी जावे आणि त्या कामी मोटारीतील अथवा भ्रमणध्वनीतील उपग्रह-दिशादर्शकाचा कितपत आधार घ्यावा, हा तो प्रश्न.

आमची पिढी दांडिया बाजार, रावपुरा या भागांत वाढली. तेव्हा गृहभेट म्हणजे सायकल, पुढे स्कूटर, आणि हँडलला अडकवलेली बॅग. रुग्ण बहुधा हाकेच्या अंतरावर असत आणि पत्ता म्हणजे 'अमक्यांच्या वाड्यात, जिन्याखालची खोली' एवढाच. पुढे वाडे पडले, मुले परदेशी गेली, कुटुंबे गोत्री, सुभानपुरा, वासणा अशी पश्चिमेकडे सरकली, आणि आम्हीही गोत्रीस येऊन स्थिरावलो. मात्र ज्यांना जिना उतरवत नाही असे वृद्ध रुग्ण शहराच्या चारही दिशांना विखुरले. नियमित व्यवसायातून निवृत्त झाल्यावर अशा अंथरुणास खिळलेल्या रुग्णांकडे आठवड्यातून एक सकाळ जायचे, असा नेम मी ठरविला. त्या नेमातूनच हा पाठ मला मिळाला, आणि तोही एका चुकीमुळे.

एक प्रसंग

पावसाळ्याचे दिवस होते. यादीत आठ नावे होती. नव्याने घेतलेल्या दिशादर्शकात आठही पत्ते घातले आणि 'उत्तम क्रम लावा' ही कळ दाबली. क्षणार्धात सुबक वळसा पडद्यावर उमटला : गोत्री, सुभानपुरा, गोरवा, तेथून निझामपुरा, फतेगंज, मग कारेलीबाग, वाघोडिया रोड, दांडिया बाजार आणि अकोट्यावरून परत गोत्री. एकही रस्ता दोनदा नाही. मला त्या यंत्राचे कौतुक वाटले.

निघण्यापूर्वी वाघोडिया रोडवरील घरून दूरध्वनी आला होता. रुग्ण ब्याऐंशी वर्षांचे निवृत्त शिक्षक, प्रोस्टेटच्या त्रासामुळे कायमचा कॅथेटर. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, रात्रीपासून पिशवीत फारसं काही उतरलेलं नाही. पण तुम्ही आज येणारच आहात ना?" मी म्हणालो, "हो, येतोच." त्यांचे वाक्य मी ऐकले, पण यादीत उतरविले नाही. यंत्राच्या क्रमात ते घर सातवे होते. एकेका भेटीस सरासरी पंचवीस मिनिटे, मधला प्रवास, एके ठिकाणी आग्रहाचा चहा. वाघोडिया रोडला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते.

कॅथेटर पूर्ण बंद झाला होता. मूत्राशय फुगून बेंबीपर्यंत आले होते. गुरुजी घामाने भिजलेले, पलंगाची कड घट्ट धरून पडलेले. कॅथेटर बदलला, पिशवी भरू लागली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. थोड्या वेळाने ते क्षीण हसून म्हणाले, "डॉक्टर, आज रस्ता लांबचा होता वाटतं."

त्यावर मला काही उत्तर सुचले नाही. रस्ता लांबचा नव्हता, चांगला आखीव होता. यंत्राने किलोमीटर वाचविले होते आणि ते वाचविताना कोणाच्या वेदनेची किंमत दिली गेली, हे त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. ते सांगण्याचे काम माझे होते. त्या रात्री मी यंत्राची माहितीपुस्तिका घेऊन बसलो, आणि पुढे काही महिने हा विषय समजून घेण्याचा प्रयत्न केला. जे उमगले ते पुढे देत आहे.

तीन वेगवेगळी कामे

आपण सरसकट 'जीपीएसने चुकविले' असे म्हणतो. वस्तुतः दिशादर्शकात तीन स्वतंत्र कामे चालतात आणि तिन्हींचे दोष वेगळे असतात. आपल्या भाषेत सांगायचे तर लक्षण एकच असले तरी निदान वेगळे.

पहिले काम स्थाननिश्चिती. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला आणि १९९५ मध्ये चोवीस उपग्रहांची ती व्यवस्था पूर्णत्वास गेली. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत आपली वेळ व आपले स्थान प्रक्षेपित करतात. आपल्या हातातील यंत्र काहीही वर पाठवीत नाही, केवळ ऐकते. संदेश किती उशिरा पोहोचला यावरून उपग्रहाचे अंतर कळते. तीन अंतरांवरून स्थान काढता येईल, परंतु आपल्या यंत्रातील स्वस्त घड्याळाची चूकही शोधावी लागते, म्हणून चौथा उपग्रह हवा. घड्याळात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात सुमारे तीनशे मीटरांचा फरक पडतो. नागरी वापराच्या संदेशांत हेतुपुरस्सर मिसळलेली अशुद्धी अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली. त्यानंतर ही साधने मोटारीतील वापरासाठी कितीतरी अधिक अचूक झाली. भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात स्वतःच्या प्रादेशिक व्यवस्थेचे सात उपग्रह सोडले आणि तिला 'नाविक' हे नाव मिळाले. त्या उपग्रहांवरील दिशादर्शनाची उपकरणे आपल्या शेजारच्या अहमदाबादेतील अवकाश उपयोग केंद्राने घडविली, याचा आपणां गुजरातवासीयांस विशेष आनंद वाटावा.

मोकळ्या आकाशाखाली आजचा भ्रमणध्वनी साधारण पाच मीटरांच्या आत आपले स्थान सांगतो. मात्र मांडवीजवळच्या अरुंद पोळांत आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते, संदेश भिंतींवर आपटून येतात आणि बाण शेजारच्या गल्लीत उडी मारतो. तसेच उड्डाणपुलावर. गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी हा साडेतीन किलोमीटरांचा पूल डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. आपण पुलावर आहोत की पुलाखाली, याविषयी यंत्राचा गोंधळ होऊ शकतो, कारण वरून पाहता दोन्ही रस्ते एकच रेघ आहेत.

दुसरे काम नकाशाचे. उपग्रहास रस्ते ठाऊक नसतात. रस्ते, एकेरी वाहतूक, पूल ही सर्व माहिती कोणीतरी नोंदविलेली असते आणि ती शिळी असू शकते. दोन ठिकाणांमधील जवळची वाट शोधण्याची रीत डच गणिती एड्स्गर डाइकस्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली आणि आजही बहुतेक यंत्रांच्या मुळाशी तीच आहे. ती रीत निर्दोष आहे, पण नकाशात खोदलेला रस्ता नोंदलेला नसेल, तर ती निर्दोषपणे आपल्याला खड्ड्यापाशी नेऊन सोडते.

तिसरे काम क्रम लावण्याचे. आपला विषय हाच.

क्रमाचे गणित

पाच घरांना भेट देण्याचे क्रम किती? पहिल्या घराची निवड पाच प्रकारे, दुसऱ्याची चार प्रकारे, असे गुणत गेल्यास १२०. आठ घरांसाठी ४०,३२०. बारा घरांसाठी ४७,९०,०१,६००. एकेक क्रम तपासण्यास एक सेकंद धरला तर बारा घरांस पंधरा वर्षे लागतील. गणितात यास 'फिरत्या विक्रेत्याचा प्रश्न' म्हणतात. १९५४ साली डँट्झिग, फुल्करसन व जॉन्सन या तिघांनी अमेरिकेतील ४९ शहरांचा सर्वांत लहान फेरा सिद्धतेसह शोधला, तेव्हा तो पराक्रम मानला गेला. ठिकाणे वाढली की घरगुती साधने सर्व क्रम तपासण्याच्या फंदात पडत नाहीत. 'जवळचे घर आधी' अशा ढोबळ नियमाने आरंभ करून जेथे दोन वाटा एकमेकींस छेदतात तेथे अदलाबदल करीत ती बऱ्यापैकी चांगल्या उत्तरास पोहोचतात. आपल्या कामास तेवढे पुरेसे आहे. फोनवरील नेहमीच्या नकाशांत मात्र अनेक थांबे घालता आले तरी त्यांचा क्रम सर्वसाधारणपणे आपणच लावावयाचा असतो, हे ध्यानात ठेवावे.

या प्रश्नाशी एक भारतीय नावही निगडित आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी केली, तेव्हा पाहणी करणाऱ्याने शेताशेतांतून किती फिरावे लागेल, त्याचा खर्च किती, याचा त्यांनी विचार केला. त्या विचाराचा सारांश असा की, ठराविक क्षेत्रात विखुरलेल्या ठिकाणांची संख्या दुप्पट झाली तर फेऱ्याची लांबी दुप्पट होत नाही, ती वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १.४ पट होते. आपल्यासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या भागात आपण जातोच आहोत तेथील आणखी एक रुग्ण घेणे प्रवासाच्या दृष्टीने स्वस्त पडते, दूरच्या कोपऱ्यातील एकटा रुग्ण महाग पडतो. अर्थात महाग पडतो म्हणून त्यास वगळावे, असा अर्थ कोणी काढू नये. त्याच्या शेजारचा दुसरा रुग्ण त्याच दिवशी घ्यावा, इतकाच अर्थ आहे.

मुंबईच्या डबेवाल्यांकडून

या बाबतीत आपल्याच माणसांनी घालून दिलेला धडा आहे. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत सुरू केलेली डबे पोहोचविण्याची पद्धत उपग्रहांच्या कित्येक दशके आधीची. मावळ, खेड, जुन्नर भागांतून आलेली ही माणसे डबा घरून उचलतात तेव्हा त्याच्या अंतिम वाटेचा विचार करीत नाहीत. झाकणावरील खुणांप्रमाणे डबे स्थानकावर विभागवार लावले जातात, विभागाचा माणूस ते नेतो आणि शेवटची इमारत व मजला त्याला ठाऊक असतो. आधी विभाग, मग वाट. अवघड प्रश्नाचे असे लहान लहान सोपे प्रश्न होतात.

बडोद्याचे तीन पट्टे

हीच रीत बडोद्यास लावून पाहू. आपल्या शहरास उत्तर-दक्षिण जाणाऱ्या दोन रेघा छेदतात : एक लोहमार्ग आणि दुसरी विश्वामित्री. त्यामुळे शहराचे तीन पट्टे पडतात. लोहमार्गाच्या पश्चिमेस गोत्री, सुभानपुरा, गोरवा, अलकापुरी. लोहमार्ग व नदी यांच्या मध्ये सयाजीगंज, फतेगंज, निझामपुरा. नदीच्या पूर्वेस दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, कारेलीबाग, वाघोडिया रोड. एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाण्याच्या जागा मोजक्या आहेत : पंड्या पूल, अलकापुरीचे गरनाळे, जेतलपूर पूल, काळ्या घोड्याजवळचा पूल, अकोटा-दांडिया बाजार पूल. वेळ खरोखर जातो तो या अरुंद मानांशी.

म्हणून माझा पहिला नियम असा : लोहमार्ग आणि नदी जाताना एकदा व येताना एकदाच ओलांडावी. पश्चिमेचे तीन, मधले दोन व पूर्वेचे तीन रुग्ण असे गट पाडून गटांचा क्रम ठरविला, तर आठ घरांचे ४०,३२० क्रम उरतात अवघे ७२. एवढे तर कागदावर नजरेनेही निवडता येतात.

दुसरा नियम मला त्या गुरुवारच्या यादीकडे पुन्हा पाहताना सापडला. गोत्रीहून निघून गोत्रीस परत येणारा फेरा उलट दिशेने घेतला तरी त्याची लांबी, एकेरी रस्त्यांचा किरकोळ फरक सोडल्यास, तीच राहते. सरळ क्रमात वाघोडिया रोडचे घर सातवे होते. तोच फेरा अकोट्यावरून आरंभिला असता तर दांडिया बाजारनंतर ते दुसरेच येते. साडेदहाच्या आत मी गुरुजींच्या उशाशी असतो, आणि तेही एकही किलोमीटर अधिक न चालता. यंत्रात 'मार्ग उलटा करा' ही सोय होतीच. ती दाबण्याचे कारण मात्र दूरध्वनीवरील त्या वाक्यात होते.

प्रत्यक्ष कृती

आता मी जी पद्धत पाळतो ती क्रमाने देतो.

१. आदल्या संध्याकाळी प्रत्येक घरी दूरध्वनी करावा आणि तीनच प्रश्न विचारावेत : वेदना किंवा धाप वाढली आहे का? लघवी, नळी, जखम यांत काही बदल? आणि घरी कोण, केव्हा असेल?

२. उत्तरांवरून यादीचे तीन वर्ग करावेत. 'थांबू शकत नाही' या वर्गासाठी गृहभेटीची वाट न पाहता रुग्णालयाचा मार्ग दाखवावा. 'आधी गेले पाहिजे' हे फेऱ्याच्या आरंभी. उरलेले 'केव्हाही चालेल'.

३. वेळेची बंधने लिहावीत. उपाशीपोटी रक्त घ्यावयाचे असल्यास ते घर सकाळी. जखमेच्या पट्टीस मदतनीस बाई अकरानंतर येत असतील तर ते घर त्यानंतर. दिशादर्शकात हे घालता येत नसेल तर कागदावर लिहावे.

४. मग पट्टे पाडावेत आणि शेवटी यंत्रास क्रम विचारावा. 'आधी गेले पाहिजे' असा रुग्ण त्या क्रमात मागे पडत असेल तर प्रथम फेरा उलटून पाहावा. तरीही जमत नसेल तर त्यास सरळ पहिला थांबा करावा आणि बाकीच्यांचा क्रम नव्याने लावावा. चार किलोमीटर वाढले तर वाढू द्यावेत.

५. पत्त्यापेक्षा स्थान साठवावे. पहिल्या भेटीत दारापाशी उभे राहून खूण नोंदवून ठेवावी. अक्षांश-रेखांश दशांशात चार स्थळांपर्यंत लिहिल्यास सुमारे ११ मीटरांपर्यंत, पाच स्थळांपर्यंत लिहिल्यास जवळजवळ एक मीटरपर्यंत जागा ठरते. २०२५ साली भारतीय टपाल खात्याने आणलेला दहा अक्षरांचा 'डिजिपिन' सुमारे चार मीटर चौरसाच्या तुकड्यास ओळख देतो. एकाच नावाच्या तीन सोसायट्या असलेल्या आपल्या भागात याचा मोठा उपयोग आहे.

६. जुन्या शहरात दोन खुणा ठेवाव्यात : मोटार उभी करण्याची जागा आणि रुग्णाचे दार. पोळातील दाराची एकच खूण दिली तर यंत्र मोटारीलाच पोळात घालू पाहते. सूरसागर अथवा न्यायमंदिराच्या परिसरात मोटार ठेवून दोन-तीन रुग्ण पायी करावेत. त्या वेळी तो सर्व एकच थांबा समजावा.

७. भेटीचा वेळ धरावा. आठ भेटी गुणिले पंचवीस मिनिटे म्हणजे तीन तास वीस मिनिटे. प्रवास त्यावेगळा. यंत्र केवळ प्रवास मोजते, म्हणून त्याने दाखविलेली पोहोचण्याची वेळ रुग्णास कधीही कळवू नये.

८. एक जागा रिकामी ठेवावी. मार्गात दूरध्वनी येतोच.

यंत्रास न कळणाऱ्या गोष्टी

पावसाची मोठी सर आली की आमचे चालकभाई यंत्राकडे न पाहताच म्हणतात, "साहेब, गरनाळामां पाणी हशे," आणि गाडी जेतलपूर पुलाकडे वळवितात. बहुतेक वेळा त्यांचेच खरे ठरते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला तेव्हा तर शहराचे तीन पट्टे खरोखरच वेगळे झाले. अशा दिवसांत मार्गनियोजनाचा अर्थच बदलतो. कोणाकडे जाता येणार नाही, त्यांच्या औषधांचा साठा किती आहे आणि त्या पट्ट्यात राहणारा कोणता सहकारी त्यांच्याकडे जाऊ शकेल, ही यादी पावसाळ्यापूर्वीच तयार हवी. आपल्या मंडळाचे सभासद तिन्ही पट्ट्यांत राहतात. अशी परस्पर-जबाबदारीची यादी मंडळाने करावी, अशी माझी विनंती आहे. नवरात्रातील गरब्यांच्या संध्याकाळी आणि गणेशविसर्जनाच्या दिवशीही तीच उपयोगी पडेल.

आणखी एक बाब. दिशादर्शकातील यादी म्हणजे रुग्णांची नोंदवही आहे. तीत नावापुढे रोग लिहू नये. मी केवळ आद्याक्षर आणि क्रमांक लिहितो. मोटार दुरुस्तीस देताना किंवा जुना फोन विकताना ही यादी पुसावी. मुलांनी 'स्थान सर्वांना दाखवा' ही सोय चालू केली असेल तर गृहभेटींच्या दिवशी ती बंद ठेवावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला हे खरे, पण रुग्णाची गोष्ट चारचौघांत न सांगण्याचे बंधन आपण त्याच्या कितीतरी आधी स्वीकारलेले आहे.

समारोप

गुरुजी त्यानंतर दीड वर्ष होते. मी दर गुरुवारी जात असे, आणि प्रकृती बरी असेल तेव्हा ते मुद्दाम विचारीत, "आज माझा नंबर कितवा?" दुसरा, तिसरा, कधी पाचवाही असे. पाचवा असला की ते म्हणत, "म्हणजे आज माझं बरं चाललंय." यादीचा अर्थ त्यांना बरोबर समजला होता.

तरुण सहकाऱ्यांनी ही साधने अवश्य वापरावीत. माझ्या वयास तर त्यांनी पुन्हा शहरभर हिंडण्याचे धैर्य दिले आहे. फक्त यादी यंत्राच्या हाती देण्यापूर्वी एकदा प्रत्येक घरी दूरध्वनी करावा आणि पलीकडून जे सांगितले जाईल ते लिहून घ्यावे, इतके नम्रपणे सुचवून हा लेख पुरा करतो.